उस्तादालाही शिकवायला शिकावे लागते

कारखानदारांची एक तक्रार आम्ही गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. "आजकालची पोरं टिकत नाहीत. दोन-चार महिने काम करतात, हात जरा बसला की शेजारच्या दुकानात पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून चालू पडतात." आणि त्याच मोहल्ल्यात, त्याच संध्याकाळी, पोरांची तक्रार कानावर येते. "सेठ काही शिकवत नाही, नुसता ओरडतो. सहा महिने झाले, अजून झाडू आणि चहाच चाललाय." शिक्षकाच्या वाट्याला या दोन्ही बाजू येतात, कारण सेठची मुले आणि कारागिराची मुले आमच्या वर्गात एकाच बाकावर बसतात आणि पालकसभेला दोघांचेही वडील येतात.

आमचा अनुभव असा की दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. सेठला खरोखरच वाटते की आपण शिकवले. दहा वेळा सांगितले, म्हणजे शिकवलेच की! आणि पोराला खरोखरच वाटते की आपल्याला कोणी काही सांगितले नाही. या दोन वाक्यांच्या मधे जी जागा उरते, तिच्याविषयी आज आपण बोलू.

शाळेतल्या मुलांना अपूर्णांक शिकवायचे असतील तर बी.एड. किंवा डी.एड. करावे लागते. आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते, २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. सराव पाठ घ्यावे लागतात, पाठटाचण काढावे लागते, मागच्या बाकावर निरीक्षक बसून प्रत्येक चूक वहीत टिपतो. पण वीस मोठ्या माणसांकडून रोज काम करून घेणाऱ्याला, त्यांना हुनर शिकवणाऱ्याला, कोणीच विचारत नाही की बाबा, तुला शिकवता येते का? तो उत्तम कारागीर होता म्हणून त्याला मुकादम केले, किंवा त्याच्या अब्बांचे दुकान होते म्हणून तो मालक झाला. काम येणे आणि काम शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शाळेत सर्वांना मान्य असते. कारखान्यात मात्र कोणी त्याचा विचारही करत नाही.

'मॅनेजर' हा शब्द वाचून कोणी पान उलटू नये. सहा माणसांची बेकरी चालवणारा मॅनेजरच आहे. दोन मुली हाताखाली घेऊन ब्यूटी पार्लर चालवणारी आपा, तीन बायकांच्या मदतीने चाळीस डबे पाठवणारी खाला, यंत्रमागाच्या शेडमधला मुकादम, गॅरेजचा मिस्त्री, कॉल सेंटरमध्ये नुकतीच टीम लीडर झालेली आपली पोरगी, हे सगळेच त्यात आले. एक गोष्ट आधीच सांगून मोकळे होतो. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवून 'आम्ही त्याला हुनर शिकवतो' असे म्हणणाऱ्यांसाठी हा लेख नाही. ते मूल आमच्या वर्गात पाहिजे, आणि कायदाही तेच सांगतो.

गाठ कशी मारायची?

अमेरिकेत १९४० साली, युद्धाचे ढग जमलेले असताना, कारखान्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. युद्धसामग्रीची मागणी वाढत होती, कुशल कामगार पुढे फौजेत जाऊ लागले आणि त्यांच्या जागी ज्यांनी कधी यंत्र पाहिले नाही अशी माणसे आली, त्यात लाखो स्त्रिया होत्या. उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढून तयार होण्याइतका वेळ कोणाकडेच नव्हता. सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना काढली. तिची खुबी अशी की तिने थेट कामगारांना शिकवले नाही; मुकादमांना शिकवायला शिकवले. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, म्हणजे सारे मिळून दहा तास. १९४५ मध्ये योजना बंद झाली तोवर सोळा लाखांहून अधिक लोक या बैठकांतून गेले होते.

पहिल्याच बैठकीत एक गंमत असे. बल्बच्या होल्डरच्या आत वायरच्या दोन तारांना एक खास गाठ मारतात, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण स्क्रूवर येत नाही. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियनही ती मारतात. प्रशिक्षक एका मुकादमाला पुढे बोलावून ही गाठ फक्त तोंडाने सांगे: उजवी तार घ्या, तिचा असा फास करा, डावी तार मागून आणा, फासातून काढा. मुकादम गोंधळून जाई. मग प्रशिक्षक दुसऱ्याला बोलावून एक शब्दही न बोलता, समोरासमोर उभे राहून, झरझर गाठ मारून दाखवी. तोही अडके. वर्षानुवर्षे हाताखालच्या माणसांवर "एवढं साधं समजत नाही का?" म्हणून ओरडलेले ते मुकादम स्वतः दोऱ्याच्या दोन टोकांशी झटापट करत उभे असत आणि त्यांना न सांगताच कळे की सांगणे म्हणजे शिकवणे नव्हे, आणि नुसते दाखवणे म्हणजेही शिकवणे नव्हे.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आज रात्री घरात करून पाहावे. बुटाची नाडी कशी बांधायची ते हात मागे बांधून, फक्त शब्दांत, एखाद्या लहान मुलाला सांगा. सलवारीत नाडी घालणे त्याहून सोपे आहे, पण तेही तोंडाने सांगून जमत नाही.

मग प्रशिक्षक योग्य पद्धत दाखवी आणि प्रत्येकाला खिशात मावेल असे एक कार्ड मिळे. कार्डावर चार पायऱ्या होत्या: शिकणाऱ्याला तयार करा, काम समजावून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर लक्ष ठेवा. बी.एड. झालेल्या कोणालाही हे वाचून ओळखीचे हसू येईल. आम्ही परीक्षेसाठी घोकलेली हर्बार्टची पंचपदी ती हीच! हर्बार्ट हा जर्मन शिक्षणतज्ज्ञ १७७६ ते १८४१ या काळातला. त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पुढे पहिल्या महायुद्धात चार्ल्स अॅलन या अमेरिकन शिक्षकाने जहाजबांधणीच्या कामगारांसाठी चार पायऱ्यांची पद्धत वापरली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या योजनेने तीच उचलली. वर्गातली पद्धत आणि गोदीतली पद्धत यांचे नाते लपत नाही. युद्धानंतर ही योजना जपानला गेली, टोयोटाने १९५० च्या दशकात ती आपल्या कारखान्यात आणली आणि आजही तेथे नव्या माणसाला काम शिकवण्याची मूळ रीत तीच आहे. अमेरिका मात्र मधल्या काळात ती जवळजवळ विसरून गेली.

उस्तादाला न दिसणारे

या चार पायऱ्यांत पहिली सर्वांत दुर्लक्षित. तिच्यातल्या तीन छोट्या गोष्टी अशा. शिकणाऱ्याची भीती घालवा. त्याला आधीपासून काय येते ते विचारा. आणि त्याला योग्य जागी उभे करा.

तिसरी गोष्ट वाचून आम्ही थबकलो होतो. योग्य जागी म्हणजे कुठे? तर तुमच्या समोर नव्हे, तुमच्या शेजारी. समोर उभा राहणारा सगळे उलटे पाहतो, तुमचा उजवा हात त्याला डावीकडे दिसतो. क्रोशा शिकवणाऱ्या बायका हे पिढ्यान्पिढ्या जाणतात. मुलीला समोर बसवत नाहीत, बाजूला घेऊन बसतात. यंत्रमागाच्या शेडमध्येही तेच. मालेगाव-भिवंडीकडच्या वाचकांना सांगायला नको, तिथल्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी अर्धेच ऐकू येते. तुटलेला धागा जोडायला शिकवताना जुना कारागीर नव्याला खांद्याला खांदा लावून उभा करतो, आपल्या बोटांकडे पाहायला लावतो, मग त्याच्या बोटांना धरून गाठ मारून घेतो. त्याने कोणतेही कार्ड वाचलेले नसते. आमच्या जुन्या हुनरमंद लोकांत शिकवण्याची समज नव्हती असे कोणी समजू नये. ती होती आणि आहे. फक्त ती माणसागणिक आहे. एखाद्या उस्तादाकडे भरपूर, एखाद्याकडे औषधालाही नाही.

दुसऱ्या पायरीत खरी मेहनत आहे, आणि ती शिकणाऱ्याची नव्हे, शिकवणाऱ्याची. शिकवण्याआधी मालकाने कामाचे तुकडे पाडायचे असतात. प्रत्येक तुकड्यात तीन गोष्टी सांगायच्या: काय करायचे, त्यातली नस कोणती, आणि ती नस का महत्त्वाची.

उदाहरण घेऊ. कुर्त्याचा गोल गळा. गळ्याला पट्टी जोडून शिवून झाली की, पट्टी आत उलटण्यापूर्वी, वळणावरच्या जादा कापडाला कात्रीने बारीक चिरा द्याव्या लागतात. हे झाले काय करायचे ते. नस अशी की चीर शिवणीच्या अगदी जवळपर्यंत जावी, पण शिवणीला लागू नये. का? चीर दिलीच नाही तर गळा सपाट बसत नाही, आतून कापड गोळा होऊन वर चुण्या दिसतात. आणि चीर शिवणीच्या पार गेली तर दोन धुण्यांत गळा उसवतो. आता नेहमी काय होते पाहा. मास्टर म्हणतो, "इथे कात्री मार." पोरगा कात्री मारतो. एक गळा फाटतो. मास्टर म्हणतो, "डोळे फुटले का?" पुढच्या वेळी पोरगा घाबरून चिरा अर्ध्याच देतो, गळा चुण्या धरतो, मास्टर पुन्हा ओरडतो. 'का' हा शब्द एकदा सांगितला असता तर दोन्ही कपडे वाचले असते आणि पोराची इज्जतही.

अडचण अशी की पंचवीस वर्षे गळे शिवलेल्या मास्टरला आपण हे सारे करतो याची जाणीवच उरलेली नसते. त्याचा हात परस्पर करतो. बेकरीतल्या उस्तादाला विचारा, पावाचा मैदा किती मळायचा? तो म्हणेल, "झाला की कळतो." कसा कळतो? जरा आग्रह धरला की तो गोळ्याचा तुकडा काढून दोन्ही हातांच्या बोटांनी ताणून दाखवेल. पीठ न फाटता पातळ पडद्यासारखे ताणले गेले, पलीकडचा उजेड दिसू लागला, की झाले. म्हणजे उत्तर त्याच्याकडे होते, शब्द नव्हते. आमची मालकांना सूचना आहे की एखादे काम नव्या माणसाला देण्यापूर्वी ते स्वतः सावकाश करून पाहावे आणि घरातल्या शाळकरी मुलाला शेजारी बसवून लिहून घ्यायला सांगावे. मूल प्रश्न विचारील, "अब्बा, आता हे का केलंत?" तो प्रश्नच तुमची नस दाखवील. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, ते महत्त्वाचे नाही.

तिसऱ्या पायरीत शिकणाऱ्याने काम करून दाखवायचे, आणि करता करता तुम्हाला 'का' सांगायचे. त्याच्या तोंडून कारण आले की समजावे, उतरले. "समजलं का?" या प्रश्नाला जगातला प्रत्येक विद्यार्थी "हो" म्हणतो, हे आम्ही शपथेवर सांगू शकतो.

एका वेळी एकच चूक

बी.एड.मध्ये 'सूक्ष्म अध्यापन' नावाचा एक प्रकार असतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६० च्या दशकात बसवला. आपल्याकडे रूढ झालेले त्याचे चक्र छत्तीस मिनिटांचे आहे. सहा मिनिटे पाठ घ्या, सहा मिनिटे प्रत्याभरण ऐका, बारा मिनिटे पाठाची पुन्हा आखणी करा, सहा मिनिटे तोच पाठ पुन्हा घ्या, शेवटची सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. आणि या साऱ्यात फक्त एकच कौशल्य तपासायचे. आज प्रश्न विचारणे, तर फक्त प्रश्न विचारणे. फळ्यावरचे अक्षर वाकडे असले तरी निरीक्षकाने त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही.

प्रत्याभरण म्हणजे ज्याला ऑफिसातले लोक फीडबॅक म्हणतात ते. कारखान्यात आणि ऑफिसात ते कसे दिले जाते? साचवून. महिनाभर मालक काही बोलत नाही, मनात धरून ठेवतो, आणि एक दिवस गिऱ्हाइकासमोर सगळे बाहेर येते: तू उशिरा येतोस, मोबाइल पाहतोस, परवा हिशेब चुकलास, आणि तुझा भाऊही असाच होता. यातले माणसाने नेमके काय सुधारावे? तो एकच गोष्ट लक्षात ठेवतो, की चार माणसांत आपला अपमान झाला. सूक्ष्म अध्यापनाची रीत याच्या अगदी उलटी आहे. काम झाल्याबरोबर, एकट्याला बाजूला घेऊन, एकच गोष्ट, आणि लगेच ती पुन्हा करून पाहण्याची संधी. शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. चूक सांगितली आणि काम काढून घेतले, तर शिकणे तिथेच थांबले.

येथे कोणीतरी रमाकांत आचरेकर सरांचे नाव काढणारच. सचिन तेंडुलकर यांनी १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सांगितले होते की सरांनी आपल्याला कधीही 'छान खेळलास' म्हटले नाही, मुलगा हुरळून जाऊ नये म्हणून. हे उदाहरण आम्ही अनेक मालकांच्या तोंडून ऐकले आहे: "पाहा, आचरेकरही कौतुक करत नव्हते." पण त्याच भाषणात त्याच्या आधीच स्कूटरचा उल्लेख आहे. सर या मुलाला स्कूटरवर मागे बसवून मुंबईभर एका मैदानातून दुसऱ्या मैदानात नेत, दिवसाला दोन सामने खेळायला मिळावेत म्हणून. सराव संपत आला, मुलगा दमला, की स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. गोलंदाजाने बाद केले तर नाणे गोलंदाजाचे, नाही तर सचिनचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली आहेत. जो माणूस आपला सारा दिवस शागिर्दाला देतो, त्याच्या गप्प राहण्यालाही अर्थ असतो. स्कूटर न काढता फक्त कौतुक राखून ठेवणाऱ्याने स्वतःला आचरेकर म्हणवून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

विचारल्यावर कळते

ज्याला काम येतच नाही त्याला शिकवायचे ते वर सांगितले. पण ज्याला काम येते, तरीही कुठेतरी अडते, त्याच्याशी कसे वागावे? त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून शिकवायला गेलो तर तो दुखावेल, आणि ते योग्यच आहे. इथे सांगण्यापेक्षा विचारणे कामी येते. इंग्लंडमध्ये जॉन व्हिटमोर नावाचे गृहस्थ होते, मूळचे मोटार शर्यतीतले चालक. त्यांनी १९९२ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि चार प्रश्नांची एक रीत लोकप्रिय केली. साध्या भाषेत ते प्रश्न असे: तुला काय साधायचे आहे? आत्ता नेमके काय घडते आहे? काय काय करून पाहता येईल? आणि त्यातले तू काय करणार, कधी?

आमची एक माजी विद्यार्थिनी भिवंडीजवळच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. वय चोवीस. हाताखालच्या पॅकिंगवाल्यांत तिच्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी बांधलेली पार्सले फुटून परत येत होती. वरच्या साहेबाने तिला सांगितले, "त्यांना झाड, नाही तर काढून टाक." तिने त्यांना जेवणाच्या सुट्टीत गाठले. बोलणे अर्थातच उर्दूमिश्रित हिंदीत झाले, आम्ही मराठीत देतो.

"चाचा, ही तीन पार्सलं परत आली. तुम्ही पाहा ना, काय झालं असेल?"

चाचांनी खोका उलटा-सुलटा केला. "खोका मोठा आहे, बेटा. आतला माल हलतो."

"मग लहान खोका का नाही घेतला?"

चाचा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लहान खोके वरच्या फळीवर असतात. शिडी चढायची तर गुडघा साथ देत नाही. रोज कोणाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी लहान खोके खालच्या फळीवर आले. चाचांना पॅकिंग कधी येत नव्हतेच असे नाही. अडचण गुडघ्यात आणि फळीत होती. ती ओरडण्याने कधीच बाहेर आली नसती, कारण तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीसमोर कोणता पुरुष आपणहून म्हणेल की माझा गुडघा दुखतो? तिने 'चाचा' म्हटले, आणि 'का केलंत' ऐवजी 'काय झालं असेल' विचारले. या दोन प्रश्नांतला फरक आमच्या मते मॅनेजमेंटच्या अर्ध्या पुस्तकांएवढा आहे. आमच्या मुली आज ऑफिसांत, दवाखान्यांत, दुकानांत अशा जागांवर पोहोचत आहेत जिथे हाताखाली वयाने मोठी माणसे असतात. साहेबी आवाज काढण्याची त्यांना गरज नाही. घरात मोठ्यांशी अदबीने बोलून आपले म्हणणे पुढे नेण्याची जी तालीम त्यांना मिळालेली असते, ती इथे उपयोगी पडते.

मोठ्या कंपन्यांनाही हे उशिरा उमगले. गूगलने २००८ च्या सुमारास आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास केला, चांगला मॅनेजर कशाने होतो हे आकड्यांतून शोधायला. आठ गुण निघाले. पहिल्या क्रमांकावर होते, तो चांगला कोच असतो. तांत्रिक ज्ञान आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर. संगणकाच्या कंपनीत!

मालकावर लक्ष कोणी ठेवायचे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात उटी नावाचे गाव आहे. तिथून अमेरिकेत गेलेल्या एका डॉक्टरांचे चिरंजीव म्हणजे प्रसिद्ध शल्यविशारद अतुल गावंडे. २०११ मध्ये त्यांनी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात एक लेख लिहिला. आठ वर्षे शस्त्रक्रिया केल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपली प्रगती थांबली आहे. खेळाडूला कोच असतो, मोठ्या गवयालाही कान देणारा असतो, मग सर्जनला का नाही? त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टिन यांना विनंती केली की शस्त्रक्रियेच्या वेळी कोपऱ्यात उभे राहून मला पाहा.

थायरॉइडची शस्त्रक्रिया होती. गावंडे यांच्या मते ती उत्तम पार पडली. ऑस्टिन यांच्या वहीत मात्र भरपूर टिपणे होती. रुग्णावर चादरी अशा घातल्या होत्या की स्वतः गावंडे यांना सोयीचे झाले, पण समोरच्या सहायकाची अडचण झाली. त्यांचे कोपर अधूनमधून वर जात होते. सर्जनचे कोपर वर गेले की हातावरचा ताबा कमी होतो. आणि वरचा दिवा जखमेवरून सरकला होता, जवळजवळ अर्धा तास ते बाजूने परतलेल्या उजेडात काम करत होते, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. नावाजलेला सर्जन, आणि त्याला दिवा सरकलेला दिसला नाही! कारण तो कामात होता. ते पाहायला बाहेरचा डोळा लागतो.

आपल्या दुकानात हा बाहेरचा डोळा कोणाचा असावा? सख्ख्या भावाचा किंवा मुलाचा नको, त्यात घरातली जुनी भांडणे शिरतात. बाप-लेक एका गल्ल्यावर बसतात तिथे तर शिकवणे सर्वांत अवघड, कारण दुकानातली चूक रात्री दस्तरखानावर पुन्हा वाढली जाते. त्याच धंद्यातला पण दुसऱ्या गावचा मित्र, निवृत्त झालेला जुना मुकादम, असा कोणी शोधावा. त्याला एक दिवस बोलवावे, चहा पाजावा आणि सांगावे की माझी माणसे कशी काम करतात ते पाहू नका, मी त्यांच्याशी कसा बोलतो ते पाहा. असे बोलावणारे मालक फार थोडे भेटतील.

आता राहिली मालकांची खरी भीती. मुलाला सगळे शिकवले आणि तो समोरच दुकान टाकून बसला तर? मांजरीने वाघाला सगळे शिकवले, फक्त झाडावर चढायचे शिकवले नाही, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते आणि पुष्कळ उस्ताद ती मनात धरून शेवटचा डाव राखून ठेवतात. भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. शिकलेला मुलगा जाऊ शकतो. पगार बाजारापेक्षा कमी असेल तर जाईलच, आणि कितीही गोड बोलून शिकवले तरी ती कमी भरून निघत नाही. शिकवणे ही पगाराच्या बदल्यात द्यायची वस्तू नाही. पण न शिकवलेला मुलगाही जातोच, हे सुरुवातीची तक्रार करणाऱ्या सेठलोकांनी स्वतःच सांगितले आहे. फरक इतकाच की तो जाईपर्यंत तुमचे कापड वाया घालवतो. शिवाय ज्या दुकानात शिकायला मिळते त्याचे नाव मोहल्ल्यात होते आणि पुढचा चांगला मुलगा आपण होऊन दारात येतो.

त्या जुन्या अमेरिकन कार्डावर चौथ्या पायरीत लिहिले होते की शिकणाऱ्याला एकट्याने काम करू द्या, अडले तर कोणाला विचारायचे ते नाव सांगून ठेवा, आणि हळूहळू आपले लक्ष कमी करत जा. कमी करत जाणे अनेकांना जमत नाही. तीन वर्षे काम केलेल्या माणसाच्या हातून पाना काढून घेऊन "ठेव, मी करतो" म्हणणारे मिस्त्री आम्ही पाहतो. अशा वेळी हात खिशात घालावेत, अगदीच राहवत नसेल तर दुकानाबाहेर जाऊन उभे राहावे.

आणि निघून जाणाऱ्याला एक कागद द्यावा. आपल्याकडची कितीतरी मुले एसी मेकॅनिक, वेल्डर, शिंपी म्हणून आखातात जातात. मुंबईत त्यांची ट्रेड टेस्ट होते, तिथे हाताला काम येते की नाही ते उभ्या उभ्या पाहतात, आणि अनुभवाचा दाखला मागतात. लेटरहेड नसेल तर पावतीबुकाच्या शिक्क्यावरही भागते. त्यावर नाव, किती काळ काम केले त्या तारखा, आणि मुख्य म्हणजे कोणकोणती कामे तो कोणाच्या मदतीशिवाय करू शकतो, त्यांची यादी. 'स्वभावाने चांगला, प्रामाणिक' एवढेच लिहून सही करू नका. यादी लिहायला बसलात की कळेल, तीन वर्षांत ती किती लांब झाली.